घरच्या घरी लिथियम बॅटरी पॅक: सेल कायम भरलेला असतो

आजचा विषय आहे लिथियम-आयन सेल आणून घरी बॅटरी पॅक बनवण्याचा. हा विषय घ्या, असं बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. इंदूर, बडोदा, बेळगावहूनही विचारणा झाली आणि इथे नोएडात तर शेजारीपाजारीच विचारतात. त्याला कारण आहे. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद या पट्ट्यात मे-जूनमध्ये लाइट जाते. हिवाळ्यात हवा बिघडली की ग्रॅपच्या नियमांखाली डिझेल जनरेटरवर निर्बंध येतात. बाजारात सेल सहज मिळतात. हाताला काम आवडणाऱ्या माणसाला वाटतं, आठ-दहा सेल आणू, जोडू आणि घरचा वायफाय नि दोन दिवे चालवू.

हे करता येतं, आणि नीट केलं तर चांगलं चालतं. पण करायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे.

फौजेत रंगरूटाला पहिल्या दिवशी शिकवतात की हातातलं शस्त्र भरलेलंच आहे असं समजून हाताळायचं. लिथियम सेलला हा नियम अधिकच लागू पडतो. रायफल निदान रिकामी तरी करता येते, सेल रिकामा होत नाही. आपण ज्याला 'उतरलेला' म्हणतो त्या सेलमध्येही अडीच-तीन व्होल्ट असतात आणि तारा भाजण्याइतका करंट असतो. त्याला बंद करायचं बटण नाही. म्हणून या कामातली सुरक्षितता शेवटी एखादं सर्किट लावून येत नाही. कुठला सेल घेतला, कुठल्या क्रमाने जोडला आणि काय बनवायचं नाही हे ठरवलं, यातून ती येते.

धोका कशाचा आहे

मार्च २०२२ मध्ये तमिळनाडूत वेल्लोरला घरी रात्री चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक दुचाकीने पेट घेतला. वडील आणि मुलगी धुराने गुदमरून गेले. त्याच महिन्यात पुण्यात लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर जळाली. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला ठेवलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला. त्यात भाजलेला सात वर्षांचा मुलगा काही दिवसांनी दगावला.

हे घरी बनवलेले पॅक नव्हते. कारखान्यात बनलेल्या पॅकचं असं होऊ शकतं, तर आपल्या टेबलावर बनणाऱ्या पॅकबद्दल किती जागरूक राहायला हवं, याचा विचार करा. त्या वर्षीच्या आगींनंतर सरकारने डीआरडीओच्या दिल्लीतल्या सीफीस या संस्थेकडे, म्हणजे अग्नी, स्फोटके आणि पर्यावरण सुरक्षा केंद्राकडे, चौकशी सोपवली. नंतर एआयएस १५६ हे मानक कडक झालं आणि १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झालं. सेल, बीएमएस, चार्जर, पॅकची रचना, आणि एका सेलमध्ये आतल्या आत शॉर्ट झाला तर आग शेजारच्या सेलकडे कशी जाते, या सगळ्यांचा त्यात विचार आहे. आपणही आज याच मुद्द्यांवरून जाणार आहोत.

आत काय होतं ते आधी पाहू. सेलमध्ये दोन पट्ट्या गुंडाळलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा असतो. सगळं पेट घेणाऱ्या द्रवात भिजलेलं. जास्त चार्जिंग, शॉर्ट, मार किंवा उष्णता यांमुळे सेल तापला की साधारण १३० अंश सेल्सिअसच्या आसपास तो पडदा वितळू लागतो. पट्ट्या एकमेकींना भिडतात, आणखी उष्णता निघते, त्या उष्णतेने रासायनिक क्रिया आणखी वेगाने होतात. याला थर्मल रनअवे म्हणतात. चुलीतलं लाकूड ओढून घेतलं की जाळ कमी होतो, इथे ओढायला काही नसतं, कारण इंधन आणि ठिणगी एकाच डब्यात आहेत. निघणारा धूर विषारी असतो. वेल्लोरला जीव घेतला तो धुराने.

कुठलं रसायन घ्यावं

लिथियम-आयन हे एका घराण्याचं नाव आहे. सोनीने १९९१ मध्ये पहिले सेल बाजारात आणले, आणि या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९ चं नोबेल मिळालं. आपल्या कामाच्या दोन शाखा आहेत.

पहिली एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्ट. लॅपटॉपमध्ये आणि पुष्कळशा इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये ही असते. सरासरी ३.६ व्होल्ट, पूर्ण चार्जला ४.२. कमी वजनात जास्त ऊर्जा देते, पण तापल्यावर तिच्यातून ऑक्सिजन सुटतो आणि तो आगीला मदत करतो.

दुसरी एलएफपी, म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट. सरासरी ३.२ व्होल्ट, पूर्ण चार्जला ३.६५. १९९७ च्या ज्या शोधनिबंधाने हे रसायन जगापुढे आलं, त्यावर गुडइनफ यांच्यासोबत पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन नावं आहेत. यात ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे तो सहज सुटत नाही. वजन थोडं जास्त, पण आयुष्यही जास्त.

घरी बनवायचं तर एलएफपीच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. दिव्याच्या पॅकचं वजन अर्धा किलोने वाढलं म्हणून काही बिघडत नाही. मात्र एलएफपी जळतच नाही, हा समज सोडून द्या. त्यातूनही ज्वलनशील वायू निघतो. तो भडकायला वेळ जास्त लागतो, इतकंच.

सेल कुठून आणायचे

दिल्लीत सेल शोधायला लोक भागीरथ पॅलेसला जातात, लाल किल्ल्यासमोरच्या लाजपत राय मार्केटला जातात. जुन्या लॅपटॉपचे सेल हवे असतील तर सीलमपूरला ई-कचऱ्याचा बाजार आहे. तुमच्या शहरातही अशी गल्ली असेल.

जुने, काढलेले सेल पहिल्या पॅकसाठी घेऊ नका. त्या सेलने किती उन्हाळे काढले, तो कधी पूर्ण उतरून महिनोन्महिने पडून होता का, हे बाहेरून दिसत नाही. नवं रंगीत वेष्टण चढवून जुना सेल नवा म्हणून विकणं फार सोपं आहे. दोन खुणा लक्षात ठेवा. १८६५० मापाच्या, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब सेलवर ९९०० एमएएच असं छापलेलं दिसलं तर तो सेल तिथेच ठेवून पुढे चला. या मापात चांगल्यात चांगले सेल ३५०० च्या आसपास असतात. दुसरी खूण वजनाची. या मापाचा चांगला एनएमसी सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो ३० ग्रॅम भरला तर आत काय असेल ते समजून घ्या.

आपल्या कामासाठी ३२७०० मापाचे ६ अँपिअर-तासाचे नवे एलएफपी सेल घ्या, आठही एकाच बॅचचे. यात बोल्ट बसवता येणारे सेल मिळतात, तेच निवडा. का, ते पुढे सांगतो.

सेल घरी आले की लगेच जोडायचे नाहीत. प्रत्येकावर क्रमांक घाला, मल्टिमीटरने व्होल्टेज वहीत लिहा आणि दोन आठवडे ठेवून द्या. मग पुन्हा मोजा. बाकीचे जागच्या जागी असताना एखादा सेल खाली घसरला असेल तर तो आतून झिरपतोय. तो बाजूला काढा. हे दोन आठवडे कंटाळवाणे आहेत, पण आतला दोष घरी पकडायची याहून स्वस्त रीत नाही.

पॅकचं गणित

सेल एकामागे एक जोडले की व्होल्ट वाढतात, ती सिरीज. शेजारी शेजारी जोडले की क्षमता वाढते, ती पॅरलल. आपण दोन-दोन सेलच्या चार जोड्या करू आणि त्या जोड्या सिरीजमध्ये लावू. याला ४ एस २ पी म्हणतात.

चार गुणिले ३.२ म्हणजे १२.८ व्होल्ट. दोन गुणिले ६ म्हणजे १२ अँपिअर-तास. दोन्हींचा गुणाकार १५३.६ वॅट-तास. पावणेदोन लिटर पाणी उकळायला पुरेल इतकी ही ऊर्जा आहे. ती चार तासांत बाहेर आली तर दिवा जळतो, चार मिनिटांत आली तर घर.

राउटर १२ वॅटचा आणि ९ वॅटचे दोन डीसी एलईडी दिवे, मिळून ३० वॅट. पॅकमधली ८० टक्के ऊर्जा वापरायची ठरवली तर चार तास मिळतात. करंट अडीच अँपिअरच्या आत. बारा अँपिअर-तासाच्या पॅकला हे ओझं हलकं आहे आणि तसंच असावं. पॅकचं व्होल्टेज भरलेला असताना १४.६ पर्यंत जातं, म्हणून राउटर थेट जोडू नका. मध्ये स्थिर १२ व्होल्ट देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर लावा.

जोडायचा क्रम

टेबल लाकडी, कोरडं आणि मोकळं. अंगठी, घड्याळ, कडं, गळ्यातली साखळी काढून ठेवायची. डोळ्यांवर गॉगल. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळायची, म्हणजे तो निसटून दोन टोकांवर पडला तरी शॉर्ट होणार नाही. एका सेलचा शॉर्टसुद्धा शंभरावर अँपिअर देतो आणि बोटातली अंगठी क्षणात तापते. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठेवा की हे काम चाललंय.

पहिली पायरी समानतेची. आठही सेल पॅरललमध्ये जोडायच्या आधी त्यांचं व्होल्टेज जवळपास सारखं हवं, फरक ०.०५ व्होल्टच्या आत. मग बेंच पॉवर सप्लाय ३.६५ व्होल्टवर लावून, करंटला मर्यादा घालून, करंट अगदी कमी होईपर्यंत सगळे एकत्र चार्ज करा. आता आठही जण एका रांगेत आले.

दुसरी पायरी जोडणी. १८६५० सारख्या सेलना निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने लावतात. तिथे सोल्डरिंग करू नका. सोल्डरिंग आयर्न ३५० अंशांच्या आसपास असतं आणि सेलच्या टोकावर ते दहा सेकंद टेकवलं तर आतल्या पडद्याला आणि सीलला इजा होऊ शकते. ती आज दिसत नाही, सहा महिन्यांनी दिसते. चांगलं स्पॉट वेल्डर घरोघरी नसतं. म्हणूनच मी बोल्टवाले सेल सुचवले. पट्टी ठेवायची, वॉशर टाकायचा, नट आवळायचा. उष्णतेचा प्रश्नच येत नाही.

आणखी एक बारकावा. दंडगोल सेलचं धातूचं सगळं अंग ऋण असतं. धन टोकाभोवतीची कडासुद्धा, वेष्टणाच्या आत, ऋणच. धन बटण आणि ती कडा यांच्यात अंतर अगदी थोडं असतं आणि मध्ये फक्त पातळ वेष्टण. पट्टीच्या धारेने ते घासून फाटलं की शॉर्ट. म्हणून प्रत्येक धन टोकावर फिश पेपरची कडी चिकटवायची, आणि सेल एकमेकांना न चिकटता प्लॅस्टिकच्या होल्डरमध्ये बसवायचे.

तिसरी पायरी बीएमएस. हा पॅकचा पहारेकरी. प्रत्येक जोडीचं व्होल्टेज पाहतो, कुणी जास्त भरला किंवा जास्त उतरला तर बाहेरचा रस्ता तोडतो, शॉर्ट झाला तरी तोडतो. तो ४ एस एलएफपीचाच हवा. एनएमसीचा बीएमएस सव्वाचार व्होल्टच्या आसपास तोडतो. एलएफपी सेल ३.६५ लाच भरलेला असतो, म्हणजे तो पहारेकरी जागा होईपर्यंत सेलवर अन्याय होऊन गेलेला असतो.

बीएमएसच्या बारीक तारा पॅकला लावताना त्यांचा प्लग बीएमएसमध्ये घालायचा नाही. आधी तारा लावा. मग मल्टिमीटरची काळी टोकदार तार पॅकच्या ऋण टोकाला आणि लाल तार प्लगच्या एकेका पिनवर. ३.३, ६.६, ९.९, १३.२ अशा पायऱ्या चढत्या क्रमाने दिसल्या पाहिजेत. नुकते चार्ज केलेले सेल असतील तर आकडे थोडे वर असतील, पण पायऱ्या सारख्या हव्यात. एखादी पायरी चुकली तर तार चुकली. क्रम बरोबर आला की मगच प्लग बसवा.

चौथी पायरी फ्यूज. धन टोकापासून शक्य तितक्या जवळ १० अँपिअरचा गाडीत असतो तसा ब्लेड फ्यूज. घरातला एसीचा एमसीबी इथे लावू नका. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तेव्हा ठिणगी विझते. डीसी कधी शून्यावर येत नाही, ठिणगी तशीच धरून राहते.

बीएमएस बसवला म्हणून निर्धास्त होऊ नका. तो बाहेरची वाट बंद करतो. सेलच्या पोटात शॉर्ट झाला तर तो काहीही करू शकत नाही. त्या शत्रूविरुद्ध आपण आधीच्या दोन आठवड्यांच्या वहीवर आणि नव्या सेलवर विसंबून आहोत.

डबा, चार्जर आणि पहिली चाचणी

डबा धातूचा किंवा न पेटणाऱ्या प्लॅस्टिकचा. धातूचा असेल तर आतून इन्सुलेशन. हवाबंद नको, वायू निघायला वाट हवी. फोम किंवा कापूस भरू नका.

चार्जर १४.६ व्होल्टचा, एलएफपीसाठीच बनवलेला, ३ अँपिअरचा. इन्व्हर्टरच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीचा चार्जर वापरायचा नाही, कारण त्यातले काही चार्जर बॅटरी सुधारायला मधूनच व्होल्टेज चढवतात.

पहिलं चार्जिंग दिवसा, घराबाहेर किंवा मोकळ्या गॅलरीत, सावलीत, तुम्ही शेजारी बसलेले असताना. दर अर्ध्या तासाने चारही जोड्यांचं व्होल्टेज लिहा, हात लावून ऊब पाहा. एखादी जोडी इतरांच्या पुढे पळत असेल किंवा एखादा सेल वेगळा तापत असेल तर थांबा. नंतर गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा दिवा लावून पॅक उतरवा. साडेसहा तासांच्या आसपास चालला तर क्षमता खरी आहे. चार तासांतच बीएमएसने तोडला तर सेल छापील आकड्याएवढे नाहीत, किंवा एक जोडी कमजोर आहे.

तापमानाचं भान ठेवा. बहुतेक सेल ० ते ४५ अंशांतच चार्ज करायचे असतात. शून्याखाली चार्ज केलं तर आत धातुरूप लिथियमचा थर बसतो आणि त्यातून पुढे शॉर्ट होऊ शकतो. म्हणून लडाखमधल्या थंडीत लिथियम बॅटरी आधी उबेत आणूनच चार्जिंगला लावावी लागते. दिल्लीकराची अडचण उलटी आहे. मे महिन्यात गच्चीवरच्या पत्र्याच्या पेटीत ४५ अंश दुपारी बारालाच ओलांडले जातात. तिथे पॅक ठेवू नका. नागपूर, अकोला, जळगावकरांनाही हेच सांगणं.

जे घरी बनवायचं नाही

स्कूटरचा किंवा ई-रिक्षाचा पॅक घरी बनवायचा नाही. तिथे ऊर्जा दहापट असते, खड्ड्यांचे धक्के असतात, पावसाचं पाणी असतं, आणि एआयएस १५६ च्या ज्या चाचण्या आहेत त्या टेबलावर होत नाहीत. अख्ख्या घराचा इन्व्हर्टर चालवणारा पॅकही तयार, प्रमाणित घ्या. फुगलेला सेल कापायचा, टोचायचा, दाबायचा नाही.

आणि कुठलाही घरी बनवलेला पॅक आपण झोपलेले असताना किंवा घराबाहेर असताना चार्ज करायचा नाही. दाराजवळ, जिन्यात, लिफ्टसमोर तर नाहीच. बहुमजली इमारतीत आग लागली की बाहेर पडायची वाट तीच असते, आणि त्या जिन्यावर आपल्यासोबत आणखी चाळीस बिऱ्हाडं असतात. म्हणून हा पॅक मी कायम चार्जरवर लटकवायला सांगत नाही. जागेपणी भरा, काढा, लाइट गेली की हाताने जोडा.

तरीही धूर दिसला तर? पॅक उचलून पळायचा मोह आवरा. घरातल्यांना बाहेर काढा, शक्य असेल तर मेन स्विच बंद करा, दार ओढून घ्या आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. पावडरच्या अग्निशामकाने ज्वाळा दबतील, पण सेल आत तापलेलाच राहतो आणि पुन्हा पेटू शकतो. त्याला थंड करायला भरपूर पाणी लागतं. ते काम अग्निशमन दलाचं. धुरात उभं राहून बादल्या ओतण्यात शौर्य नाही.

पॅक संपला की तो कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. कचरागाडीत दाबला गेला तर तिथे पेटेल आणि भाजेल तो सफाई कामगार. टोकांवर टेप लावा आणि अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर घडवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. आपल्या हाती इतकंच आहे की ती त्यांच्यापर्यंत नीट पोचवायची.

वही आजच घाला. सेलचे क्रमांक, तारखा, व्होल्टेज. पॅक तयार झाल्यावरही महिन्यातून एकदा चारही जोड्या मोजून त्याच वहीत लिहीत जा. पुढच्या भागात हाच पॅक सोलर पॅनेलवर कसा भरायचा ते पाहू. जय हिंद.